पलीकडून आणलेली

मंगळवार पेठ, कोल्हापूर
८ जून २०२५

प्रिय निशिगंधा वहिनीस,
संयोगिताचा स. न. वि. वि.

कागदांविना राहिल्याची कळंबा तुरुंगातली शिक्षा संपली त्या दिवशी आम्ही सगळे गाडी घेऊन फाटकाशी उभे होतो. तुला घरी न सोडता दुसऱ्याच गाडीत बसवून इतक्या लांबच्या, परदेशी लोकांना ठेवतात त्या केंद्रात नेतील, हे कुणाच्या मनातही नव्हतं. तिथं फोन देत नाहीत म्हणून हे पत्र. वर्गात मुलांना पत्रलेखन शिकवते, पण स्वतः लिहून किती वर्षं झाली! हसू नकोस.

आईचे गुडघे कुरकुरतात, त्याहून जास्त ती कुरकुरते. सून घरात नाही, भांडायचं कुणाशी, असं म्हणते. आकारामदादा कोडोलीहून येतो, वकिलांकडे बसतो आणि तसाच परत जातो. तुझी तेजस्वी माझ्याकडेच आहे.

वकील म्हणाले की तुला परदेशी ठरवलंय, पण पाठवायचं तर सरहद्दीपलीकडच्या देशानं आपली म्हणायला हवं. त्यांच्या वकिलातीचा माणूस तुला भेटेल. तुझं लहानपण वकिलांना तुझ्या शब्दांत हवंय. तेजस्वीच्या पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आले तेव्हा तू काय बोललीस, तेही लिही.

जेवत जा. आमच्यावरची माया तिथं आटू देऊ नकोस.

तुझी,
संयोगिता


२९ जून

वन्संस्नी निशिगंधाचा सा. न. वि. वि.

(ही अक्षरं तुम्हीच शिकवलीसा, बरोबर लिवलीत का बघा.)

माझं लहानपण तुमच्यासमोरच गेलं की. त्याच्या आधीचं लई थोडं ध्यानात हाय. एक होडी हुती, लई पाणी हुतं आणि कुणीतरी माझा हात घट्ट धरला हुता. मग एकदम तुमच्या गुऱ्हाळावरच्या चुलवाणाचा जाळ. मौसी तिथं मजुरीला हुती, चिपाडं वाळवायची. ती माझी कोण, ते मी कधी इचारलंच न्हाय. ती तापानं गेली तवा तुमच्या आईनं, आत्याबाईंनी, मला घरात नेलं, तुमच्या शेजारी जेवाय बसवलं. पुढं तुमच्या दादांनी हट्ट धरला आणि मी त्याच घरची सून झाले. निशिगंधा हे नाव तुम्हीच ठेवलंसा.

तेजूच्या पासपोर्टाला पोलीस आले, त्यांनी इचारलं की तुमचा जन्म कुठला. मौसी म्हणायची की पोरीला सरहद्दीच्या पलीकडून आणली. तेच मी सांगितलं. चहा गाळता गाळता सांगितलं बघा. त्यात लपवायसारखं काय असंल, हे मनातच आलं न्हाय.

परवा तो वकिलातीचा माणूस आला. त्यांच्या भाषेत गोड बोलत ऱ्हायला. मला एक शब्द कळंना. गाव इचारलं असंल म्हणून मी कोडोली म्हणलं. आईचं नाव इचारलं असंल म्हणून आत्याबाईंचंच सांगितलं, सरुबाई म्हणलं. शेवटी तो हितल्या साहेबांकडं वळून म्हणाला की ही बाई आमची न्हाय. वन्सं, मला एवढा आनंद झाला! पळत खोलीवर गेले, पिशवी भरली, दारात बसले. बोलवाय कुणी आलंच न्हाय. सांजंला शेजारच्या बाईनं माझी पिशवी परत रिकामी करून ठेवली.

आत्याबाईंच्या पायांवर डोकं. लेकरावर नजर असू द्या.

तुमची,
निशिगंधा


मंगळवार पेठ
४ ऑगस्ट

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. पिशवी भरलीस तिथपर्यंत आले आणि पुढचं वाचवेना. तू निघालीस असंच तिला वाटतंय. रोज दुपारी ओट्यावर जाऊन बसते.

मी वकिलांना विचारलं की त्यांची नाही, म्हणजे आपलीच ना? ते म्हणाले की असं होत नाही. आपली आहेस हे वेगळं सिद्ध करावं लागेल, आणि तुझंच बोलणं आड येतंय. लग्नाचाही उपयोग नाही, कारण मुळात तुझं येणंच कागदांविना झालं.

पुढचं लिहू नकोस असं दादानं बजावलंय, पण तुझ्यापासून लपवणं मला जमत नाही. तेजस्वीचा अर्ज नाकारलाय. फुटबॉलचा संघ तिच्याविना परदेशी गेला तेव्हा पासपोर्टाला उशीर होतोय एवढंच आपण धरून चाललो होतो. आता सांगतात की २००४ नंतर जन्मलेल्या पोराच्या आईबापांपैकी एक जरी असा कागदांविना आलेला असला, तरी ते पोर नुसतं इथं जन्मलं म्हणून इथलं ठरत नाही. ही जन्मली तेव्हा मी दवाखान्यात बाहेर बाकावर बसले होते, हे मी पासपोर्टाच्या कचेरीत ओरडून सांगितलं. तिथल्या माणसानं मला पाणी आणून दिलं. त्यापेक्षा तो भांडला असता तर बरं वाटलं असतं.

तेजू मैदानाकडे फिरकत नाही. मी अर्ज केला नसता तर आई घरात असती, एवढंच म्हणते. दादाच्या मनात एक आहे. मौसी तसं कधी बोललीच नव्हती, असं तू आता साहेबांना सांगावंस. मी सांग म्हणत नाही, सांगू नकोसही म्हणत नाही. मला काही सुचेनासं झालंय, वहिनी.

रागावू नकोस, दुरावू नकोस.

तुझी,
संयोगिता


२१ सप्टेंबर

वन्संस्नी सा. न. वि. वि.

मी खोटं बोलले. मौसी तसं कधी म्हणालीच न्हाय, मीच येड्यासारखं बोलून गेले, असं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की पहिलं बोलणं कोर्टात गेलंय, तेच धरणार, आणि आता फिरवलंसा म्हणून उलट संशय वाढला. खरं बोलले ते नडलं, खोटं बोलले ते बी नडलं. आता माझ्याजवळ बोलायला तिसरं काय न्हाय.

तेजूला सांगा, पोरी, तुझ्या अर्जाचा काय दोष न्हाय. तिला ढकलत न्या, पण मैदानात न्या. पेठेतल्या सामन्याला अजून कुणी कागद मागत न्हाय. तिच्या बाबास्नी म्हणावं, सारखं हिकडं यायचं बघू नका, म्हस दुसऱ्याच्या हाताला दूध देत न्हाय. पर आलेच, तर तो निळा सदरा घालून या म्हणावं.

हितं रोज सकाळी हजेरी घेत्यात. बायकांचं नाव घेत्यात आणि लगेच देश म्हणत्यात. माझं नाव घेतलं की म्होरं काय न्हाय, नुसतं गप ऱ्हात्यात. काल नवी बाई हुती, आपल्याच बाजूची. माझ्या नावावर थांबली, माझ्याकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली की निशिगंधा, कोडोली. मी हाय म्हणून एवढ्या जोरात वरडले की सगळ्या माझ्याकडं बघाय लागल्या.

आज परत जुनी बाई आली. नुसतं नाव घेतलं आणि गप झाली.

तरी बी मी हाय म्हणलं.

तुमचीच,
निशिगंधा