टोपलीखालचा शेठ

भेस्तान, सुरत
रविवार

ति. सुंदराक्कांना मंदाचा वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? तेल लावता की नाही? (लावत नसाल. बाटली उशाशी ठेवली की गुण येतो असं तुम्हाला वाटतं.) माझी साखर ताब्यात आहे, जेवण जातं, वाचन चालू आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच हसता नाहीतर रडता आणि मूळ गोष्ट राहून जाते. म्हणून पत्र. काही मागायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आपला गजेंद्र राज्याच्या वन्यजीव खात्याचा मुख्य झाला, त्याचे पेढे तुम्ही वाटलेच असतील. इथे आमच्या सोसायटीच्या महेशभाईंनी गेटवर बॅनर लावला. त्यावर गजेंद्रपेक्षा महेशभाईंचा फोटो मोठा, आणि मध्ये सिंह. परवा गजेंद्रचा फोन आला. ‘मामी, चार्ज घेण्याआधी तुमच्याकडून ओवाळून घ्यायला येतो. मामा नाहीत, पण मामाचं घर आहे.’ मला भरून आलं आणि लगेच धास्तावलेही. कारण घरात शेठ.

शेठ म्हणजे आपलं कासव, पाठीवर पिवळ्या चांदण्यांचं. (नाव यांनी ठेवलं. हे कामाला होते त्या लूमच्या शेठकडे बोनसचा विषय काढला की तेही डोकं असंच आत घ्यायचे.) तुम्ही आलात की दर वेळी यांना बोलायच्या, ‘असलं काय पाळतोस रे?’ आणि हे मान खाली घालून ऐकून घ्यायचे. आता, असलं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे हे मला रद्दीतल्या पेपरातून कळलं. पर्वत पाटियाच्या दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं लावून लावून मी वाचायला शिकले, तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की वाचता आलं की झोप उडते. पण शेठला देऊन टाकायचं मनात येईना. हे पाळीवरून आले की शेठ उंबऱ्याशी जायचा आणि यांच्या चपलेवर हनुवटी टेकून बसायचा. हे गेल्यावरही संध्याकाळ झाली की जायचाच. म्हणून मी चपला तिथून हलवल्या नाहीत.

तर काल गजेंद्र यायच्या वेळी मी शेठला कोपऱ्यात बांबूच्या टोपलीखाली झाकला. पाट मांडला, टॉवेल-टोपी काढून ठेवली. गजेंद्र आला, पाया पडला, पाटावर बसला. (केस गेलेत हो त्याचे. टोपी कानावर आली.) निम्मी सोसायटी आत, निम्मी जिन्यात. शेजारच्या वर्षाला म्हटलं, ‘ताट तयार ठेव गं,’ आणि मी हळद-कुंकू आणायला आत गेले. त्या बाईला ताट ठेवायला अख्ख्या घरात पालथी टोपलीच दिसली. वर निरांजनही लावून मोकळी झाली.

इकडे महेशभाईंचं भाषण रंगात आलेलं. ‘साहेब आव्या, हवे एके प्राणी केदमां नही रहे!’ (आता एकही प्राणी कैदेत राहणार नाही म्हणे.) टाळ्या पडल्या, आणि त्या आवाजाने म्हणा किंवा चपलेची वेळ झाली म्हणून म्हणा, टोपली चालायला लागली. निरांजन, सुपारी, पेढा, सगळं घेऊन आरती आपली आपण साहेबांना ओवाळायला निघाली. वर्षानं हात जोडले. जिन्यातून कुणीतरी ‘जय माताजी’ म्हणालं. महेशभाई खुर्चीवर चढले.

गजेंद्रनं ताट उचलून बाजूला ठेवलं आणि टोपली वर केली. ‘शेठ?’ म्हणाला. ‘मामी, हा अजून आहे?’

‘न असायला काय झालं? दप्तरात घालून तूच आणलास ना पलसाण्याच्या शेतातून! मामा सोडून ये म्हणाले तर रडून घर डोक्यावर घेतलंस!’ भीतीनं तोंडातून निघून गेलं, आक्का. सगळ्यांसमोर. (तुम्ही ज्याबद्दल यांना बोलायच्या ते तुमच्याच लेकाचं काम. यांनी भाच्याचं नाव कधी सांगितलं नाही.)

महेशभाई खुर्चीवरूनच म्हणाले, ‘साहेब, अमे कंई जोयुं नथी.’ (आम्ही काही पाहिलंच नाही म्हणे.) मी गजेंद्रच्या तोंडाकडे बघत होते. ‘राहू दे मामी’ एवढं तो म्हणाला असता तर शेठ माझ्याकडे राहिला असता. पण उद्या पेपरात त्याचं नाव आलं की ते मला नीट वाचता आलं नसतं. म्हणून मीच शेठला उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. ‘तू आणलास, तूच पोचव,’ म्हटलं. तो बराच वेळ त्याच्या पाठीवरून बोट फिरवत बसला. मग स्वतःच खात्याला फोन लावला आणि पहिलं नाव स्वतःचं सांगितलं. आज सकाळी माणसं येऊन शेठला घेऊन गेली. मी कोबीची पानं बरोबर दिली. वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. ओवाळायचं राहिलं होतं, ते जाताना केलं. दोघांनाही.

तुमची,
मंदा

ता. क. खात्याच्या डॉक्टरांचा निरोप आला. शेठ मादी आहे. हे असते तर इतकी वर्षं चुकीची हाक मारली म्हणून माफी मागायला गेले असते.

ता. क. काही मागायचं नाही म्हटलं होतं, पण चार दिवस राहायला याल का? उंबऱ्याशी आता कुणी जात नाही. चपला उचलून ठेवायच्या आहेत. एकटीनं होईना.

ता. क. येताना भाकरीला कळण्याचं पीठ आणा. आणि गजेंद्रचं जुनं दप्तर तुमच्या माळ्यावर असेल, तर निघण्याआधी एकदा झटकून बघा.