नापास छत्र्या

५ फेब्रुवारी १९८५, मंगळवार. चांगह्वा.
छत्र्यांच्या कारखान्याचं, चिनी वर्षअखेरचं जेवण. नव्या वर्षात ज्याला कामावरून काढायचं, त्याच्याकडे मालक उकडलेल्या कोंबडीचं डोकं वळवून ठेवतात. ल्याओ मालकांनी ते स्वतःकडे वळवलं. म्हणजे कुणालाच काढणार नाहीत. मन भरून आलं. शिलाईतली शिऊचिन मोठ्याने म्हणाली, "म्हणजे यंदा मालकच जाणार वाटतं!" सगळे हसले. मी हसलो नाही. असल्या बोलण्याने कारखान्याचं नाव खराब होतं.
बायकोसाठी, सूयुनसाठी, एक तंगडी कागदात गुंडाळली. सवयीने. घरी आल्यावर लक्षात आलं.

१५ फेब्रुवारी
पगार झाला. दोन महिन्यांचा, बोनससकट. या वेळी पाकीट नाही, चेक. तारीख २८ ची, सही मालकीणबाईंची. चेकबुक बायकोच्या नावावर काढायची ही तैवानातल्या मालकांची रीतच. शिऊचिन म्हणते, चेक वटला नाही तर सही करणारा तुरुंगात जातो, म्हणून. मला वाटतं, बायकोवर एवढा विश्वास टाकायला मन मोठं लागतं.
संध्याकाळी खो पाथरवटाला सांगून आलो, दगड घडवायला घे. ऑक्टोबरपासून सूयुनच्या कबरीवर लाकडी फळीच आहे. ५ एप्रिलला, चिंगमिंगला, सगळं गाव कबरी साफ करायला टेकडीवर जातं. त्या दिवशी तिथे दगड असेल. तिला शब्द दिलाय.

२ मार्च, सकाळी ११
बँक. परवा भरलेला चेक परत. वर चिठ्ठी टाचलेली, खात्यात पैसे नाहीत. काउंटरवरच्या बाई हळूच म्हणाल्या, "काका, पुन्हा भरून बघा, नाहीतर सरळ कोर्टात जा. पण थांबू नका. थांबणाऱ्याच्या हाती काही लागत नाही." मी म्हटलं, आमचे मालक तसे नाहीत. त्या म्हणाल्या, "तसे नसलेल्या मालकाचे तुम्ही आज सातवे."
सातही चेक परत, म्हणजे चूक बँकेचीच असणार.
निश्चय: सोमवारी मालकांशी स्पष्ट बोलायचं. तीन मुद्दे कागदावर लिहून काढले.

४ मार्च
मालक नाहीत. ऑर्डर आणायला जपानला गेलेत म्हणे. म्हणजे ऑर्डर येणार. कागद खिशात ठेवला. दिवसभरात तीनशे छत्र्या तपासल्या, चौदा नापास. माझ्या हातून वाईट छत्री सुटत नाही.

११ मार्च
मालकांच्या घरी गेलो. मालकीणबाईंनी, यूफांगवहिनींनी, दार उघडलं, पाठीला धाकटी बांधलेली. मी पहिला मुद्दा काढणार तोच म्हणाल्या, "चुआंगदादा, अहो किती वाळलात! जेवता की नाही?" सूयुन आजारी होती तेव्हा यांनी अकरा दिवस आलं घातलेलं कोंबडीचं सूप पाठवलं होतं. त्यांचा डबा अजून आमच्याकडेच आहे, ते आठवलं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. दुरुस्त करून दिला.
मुद्दे मांडले नाहीत. पण मी का आलो ते त्यांना कळलं असणार. यालाच दबाव म्हणतात.

१८ मार्च
फाटकाला कुलूप. जपान वगैरे काही नाही, मालक पळाले. कुठे ते कुणालाच माहीत नाही. बायकांनी मागचं दार तोडलं. शिऊचिनने शिलाई मशीन हातगाडीवर चढवलं आणि ओरडली, "चुआंग मास्तर, सासुरवाडीला आल्यासारखे उभे काय राहिलात? उचला काहीतरी!" मी म्हटलं, आधी यादी करू, मग रांग लावू. कागद शोधला. खिशात होता, मुद्द्यांचा. मागची बाजू कोरी. यादी पूर्ण झाली तेव्हा यादीतलं काहीच उरलं नव्हतं.
कोपऱ्यात नापास छत्र्या होत्या. साठ. प्रत्येकीला माझ्या अक्षरातली लाल चिठ्ठी. घेऊन आलो.

२५ मार्च
खो पाथरवट. दगड घासून तयार, नाव कोरायचं बाकी. म्हणाला, "मास्तर, रागावू नका. पण एकदा नाव कोरलं की तो दगड दुसऱ्या कुणाच्या कामाचा राहत नाही." बरोबर आहे त्याचं. छत्र्या चालतील का, विचारलं. त्याने एक उघडली. ती त्याच्या मनगटावर मिटली. चिठ्ठी वाचून म्हणाला, "तुम्हीच लिहिलंय की!"
वाटेत शिऊचिन भेटली. उद्या सगळे चेक घेऊन कोर्टात जाणार. निश्चय: मीही जाणार.

२६ मार्च
गेलो नाही. पोट बिघडलं होतं.

३१ मार्च, रविवार
यूफांगवहिनी आल्या. कोर्टाचं बोलावणं आलंय. माहेरचं सोनं विकून एकेकाचा चेक सोडवून घेताहेत. चेक जितके कमी, तितकी शिक्षा कमी. माझ्यापर्यंत येईतो सोनं संपलं. म्हणाल्या, "एका दुपारी चाळीस कोऱ्या चेकांवर सह्या घेतल्या माझ्या. म्हणाले, तू सही कर, बाकी मी बघतो." मग म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात नक्की देते, दादा."
पुढच्या महिन्यात. सूयुनला मोठ्या इस्पितळात न्यायचं होतं तेव्हा मीही हेच म्हणायचो. तीनदा म्हणालो.
चेक दिला. डबाही दिला. रिकामा देऊ नये म्हणून चार संत्री घातली.
पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय आहे. दगडाचं बघतो. अजून पाच दिवस आहेत.

५ एप्रिल
टेकडीवर गर्दी. पाऊस. फळीवरचं सूयुनचं नाव फिकटलेलं. शाई आणि कुंचला नेला होता, नव्याने लिहिलं. शिऊचिन तिच्या सासऱ्याच्या कबरीकडून आली. "दगड कुठंय, मास्तर?" मी म्हटलं, पुढच्या... आणि थांबलो. ती सोबतचे दोन मोदकासारखे गोड गोळे फळीपुढे ठेवून गेली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.
शाई वाळेपर्यंत फळीवर छत्री धरून उभा राहिलो. साठांतली त्यातल्या त्यात बरी निवडून आणली होती. चिठ्ठी तशीच होती: 'खटका धरत नाही. नापास. चुआंग.'
खटक्याने थोडा वेळ धरलं. मग छत्री मिटली. नाव वाहून गेलं.
तपासणी बरोबर होती.