बाभळीवरचं पाणी

गुरुवार, १० एप्रिल, संध्याकाळ

पोचलो एकदाचा! सहा वर्षं अल-तूरच्या हॉटेलात बश्या विसळल्या, आता सिनाईच्या लांब वाटेवर वाटाड्या झालो. फ्रेजकाकांनी मिठी मारली आणि लगेच माझ्या बुटांवरून सगळ्यांना हसवलं. म्हणाले, सुवेलिम, हे बूट तू घातलेस की त्यांनी तुला? राखेत भाजलेली भाकरी पोटभर खाल्ली. आमची बेदुइन माणसं वाळूतल्या ठशावरून माणूस ओळखतात. काकांनी माझा ठसाही नव्या सुनेचं तोंड बघावं तसा निरखून ठेवला. फार बरं वाटलं.

शुक्रवार, ११ एप्रिल, पहाट

आज पंचवीस किलोमीटर. चालणारे पाहुणे काका आणि उंटांबरोबर खालच्या वाटेने येतील. मी एकट्याने वरच्या खोऱ्यातून पुढे जायचं आणि मुक्कामी चूल पेटवायची. काका म्हणाले, पाच लिटर पाणी घे. मी ऐटीत दोनच घेतलं.

दुपारी एक

पाणी दहालाच संपलं. जीभ टाळूला चिकटली. मग एका बाभळीला पिशवी टांगलेली दिसली, आत पाण्याचा भरलेला कॅन. झाडाला टांगलेल्या वस्तूला आमच्यात कोणी हात लावत नाही. जीव जात असेल तर घोटभर प्यावं आणि धन्याला सांगून टाकावं, एवढीच मुभा.

मी घोटभर प्यायलो. मग अर्धा कॅन. उरलेलं डोक्यावर ओतलं. डोक्यावर! भानावर आलो तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे ठसे कोणाच्या बुटांचे, ते काकांना बघताक्षणी कळलं असतं. म्हणून बाभळीची फांदी ओढत, पुढे वाळू संपून खडक लागतो तिथपर्यंतचे माझे सगळे ठसे पुसले.

चार

पोचायला मलाच उशीर झाला. काका म्हणाले, चूल पेटवायला आलास की विझवायला? सगळे हसले. मग त्यांनी विचारलं, ओदा भेटला का? ओदा आमचा म्हातारा उंटवाला, अनवाणी चालतो, डावा पाय फरफटतो. चुकलेली उंटीण शोधायला सकाळीच कोरड्या घळीत गेलाय. परतताना प्यायचं पाणी बाभळीला टांगून गेलाय.

मी म्हणालो, त्या वाटेने आलोच नाही.

कसं निघालं हे तोंडातून? काका म्हणाले, तासाभरात नाही आला तर पाणी घेऊन मी निघतो. देवा, काका निघू देत.

पाच

सरपण आणायला गेलो होतो. मागे वळून पाहिलं. वाळूत अनवाणी ठसे. डावा पाय फरफटलेला. माझ्यापर्यंत येऊन थांबलेले.

बूट पायातच आहेत. एक पाऊल टाकलं — पाच बोटं उमटली. दुसरं टाकलं — फरफट. माझे ठसे कुठेच नाहीत.

पुसले. पुन्हा चाललो. पुन्हा तेच —

सव्वापाच

काकांनी ठसे पाहिले. ओरडले, अरे, ओदा आला की! कुठे लपलाय लेकाचा? उंटावर चढवलेलं पाणी उतरवलं. चहा मागितला. आता कोणी जाणार नाही.

ओदा तिकडेच आहे. रिकामा कॅन उलटा धरून —

साडेपाच

काका विचारतायत, उठत का नाहीस. उठलो तर त्यांच्यासमोर ओदाचे ठसे उमटतील. म्हणालो, पाय दुखतात. पुन्हा खोटं. किती निर्लज्ज मी.

अजून उजेड आहे. अजून त्याला गाठता येईल. तोंड उघडायचं, एवढंच. काका, पाणी मी —

नुसतं लिहितोय. सांगत नाही.

आता सांगतो. ते इकडेच बघतायत. आता —