फावड्याचा दांडा

१० जून

चि. टाचणीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

लहानपणी टोचून टोचून प्रश्न विचारायचास म्हणून तुझं नाव टाचणी पडलं. आता त्या खोडीचा मला उपयोग होऊ दे. माझी कंबर धरली आहे. परसातल्या वाफ्यांत काम केलं की उठताना खांबाला धरावं लागतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. मुलाने त्यावर कडी केली, पुढच्या महिन्यात परसात फरशीच घालून टाकू म्हणतो. तो काळजीने बोलतो, पण हे गेल्यापासून त्या वाफ्यांवरच माझा दिवस उभा आहे. फरशीकडे बघत मी काय करू?

तुझी अक्का

१५ जून

ती. अक्कास सा. न. वि. वि.

मी पडलो शिंपी. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. तुझी बाग मात्र सगळे न मोजताच कापायला निघालेत. झारी काठोकाठ भरून एकाच हातात नेतेस ना? दोन अर्ध्या झाऱ्या दोन हातांत ने. खुरपायला पाटावर बस, जरा वेळाने काम बदल. कुंडी उचलताना अंगाजवळ धर आणि गुडघ्यांतून वाक. तरी दुखलं, तर नेमकं कोणत्या कामाला दुखतं ते बघून कळव. तुझी भावजय म्हणते, हे वैद्य झाले तर गिऱ्हाइकांचे झंपर कोण शिवणार. तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुझा टाचणी

२१ जून

चि. टाचणीस आशीर्वाद.

झाऱ्यांचा गुण आला, खांदे हलके झाले. पण फावडं हातात घेतलं की कंबर बोलू लागते. सकाळी भिंतीवर माझी सावली पाहिली, पार दुमडलेली. मग फावडं शेजारी उभं करून पाहिलं, तर दांडा कसाबसा कमरेला लागतो. यांनी तो आपल्या उंचीला बेतून बसवून घेतला होता. तू आता लांब दांडा बसव म्हणशील. मी बसवणार नाही. यांच्या तळव्यांनी तो गुळगुळीत झालाय.

अक्का

२६ जून

ती. अक्कास सा. न. वि. वि.

दाजींच्या दांड्याला हात लावू नकोस. दुसरं फावडं घे, दांडा छातीपर्यंत येईल असं. आणि एक विचारतो, रागावू नकोस. तुझ्या झंपराची पाठ बेतताना मला खांद्यांत बाक धरावा लागतो. लग्नाआधी बाबा बेतायचे, तेव्हा तो नव्हता. कधी आला गं?

टाचणी

४ जुलै

चि. टाचणीस आशीर्वाद.

नवं फावडं आलं. न वाकता माती ओढते, कंबर गप्प आहे. मुलाने दोन-तीन सकाळी उभं राहून पाहिलं आणि फरशीवाल्याला आपणहून नको म्हणून कळवलं.

बाक लग्नातच आला. फोटो काढताना कुणीतरी हसलं, नवरी की शिडी म्हणून. यांचा चेहरा उतरला. मी खांदे पाडले ते पाडलेच. लोकांना वाटलं, बाई लाजाळू आहे. यांना मात्र ठाऊक होतं. रस्त्यात माणसं पांगली की हळूच म्हणायचे, "आता कोणी नाही, सरळ चाल." मी हसून तशीच चालायची.

काल वाफ्यात सरळ उभी राहिले आणि खूप रडले. बघायला हे हवे होते रे.

सवड काढून ये, झंपराचं माप नव्याने घे. शिवणीत आत दुमडलेली माया आहेच, ती असू दे.

तुझी अक्का