छोट्या आरशावर कोणाचं ओझं

१७ ऑक्टोबर २००५, बेंगलोर

नाई मागणार माफी! काऊन मागू?

आमच्या कारखान्यात कॉलेजसाठी बनवलेली मोठी दुर्बीण आज तपासली. ताऱ्याचा ठिपका गोल यायला पाहिजे, तर शेपटी फुटल्यासारखा आला. साहेबांनी सगळ्यांसमोर बोट दाखवलं — "गजेंद्र, छोटा आरसा तूने बिठाया ना? स्क्रू ढीला छोड़ा है." तपासायच्या आधीच! मी सातवी नापास, म्हणजे हातबी नापास? माफी लिहून दे म्हणे, नाहीतर दिवाळीले घरी जाशील तर तिकडंच राहा.

जेवताना अण्णाजी म्हणाले, "गप राय ना बाबू. माफी मागून घे, नोकरी राहीन." आमच्याच जिल्ह्यातल्या समुद्रपूरचा माणूस. यांनीच मले हिंगणीहून इथं आणलं, दुर्बिणीवर हात बसवला. म्हणून ऐकून घेतलं. पण माफी लिहिली नाई.

१८ ऑक्टोबर

डिझाइन करणाऱ्या हर्षा मॅडमच्या कॉम्प्युटरमध्ये अख्खी दुर्बीण आहे — आरसे, नळी, छोटा आरसा धरणाऱ्या पट्ट्या, सगळं. मले समोर बसवून विचारतात, "कुठून धरला होतास? आधी कोणता स्क्रू आवळला?" चोराची जबानी घेतात तशी!

मी म्हणलं, माझाच आरसा काऊन? मोठाबी हलवून पाहा. एक एक तुकडा तपासा! जोरानं बोललो. बोललो तर बोललो.

१९ ऑक्टोबर

त्या खरंच एकेक हलवून पाहून राह्यल्या. आरशाचा आकार बदलत नाही असं धरायचं म्हणे. तो अख्खा सरकतो, नाहीतर अख्खा कलतो. असा सरकवला की पडद्यावरचा ठिपका वेगळा, तसा कलवला की वेगळा. आमच्या खऱ्या ठिपक्याशी कोणता जुळतो, ते शोधायचं.

"म्हणजे तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी," मी म्हणलं. "ढकला, आडवा पाडा, शिंग तिथल्या तिथंच."

मॅडम पुण्याच्या. तान्हा पोळा ऐकलाच नव्हता! तिथली पोरं नंदी सजवून नेतच नाहीत म्हणे. मग करतात काय बिचारी?

२० ऑक्टोबर

मोठा आरसा निर्दोष निघाला. साहेब म्हणे, "देखा?" काय देखा!

२१ ऑक्टोबर

सापडलं!

हलला तो छोटाच. पण स्क्रू ढिला असता तर आरसा डुगडुगला असता, ठिपका दर वेळी निराळा आला असता. आमचा दर वेळी तोच. आरसा पट्ट्यांसकट खाली झुकून तसाच बसला आहे. मॅडम हसून म्हणाल्या, "गजेंद्र, तुझ्या नंदीच्या मानेवर कोणीतरी ओझं टांगलं होतं."

काय टांगलं, कोणी टांगलं — साहेबांनी सोमवारी सगळ्यांना बोलावलं आहे. बोलवा! मलेबी पाहायचं आहे.

अण्णाजीले सांगितलं. वाटलं, पाठ थोपटतील. ते हातातला घास हातातच घेऊन बसले.

२२ ऑक्टोबर

आठवलं! खंडेनवमीच्या पूजेचा हार!

झेंडूचा, ओलाचिंब, मनगटाएवढा जाड. दुर्बिणीच्या तोंडाशी, बरोब्बर छोट्या आरशाच्या पट्ट्यांवर. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, तसाच लटकत राहिला. आणि दुर्बिणीले हार घालायचा मान दर साली अण्णाजीचा.

आणि हेच मले म्हणत होते — माफी मागून घे! यांले माहीत होतं का? विचारलं तर माझ्या ताटात भाजी वाढतात आणि भिंतीकडं पाहतात. मी ताट सोडून उठलो. सोमवारी सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो!

२४ ऑक्टोबर

सगळे जमल्यावर मी बोलायले उठायच्या आधी अण्णाजी उठले. "हार मैंने डाला." स्वतःसाठी माफी नाई मागितली. साहेबांना म्हणाले, "अब इस लड़के से माफी आप मांगो."

साहेबांनी मागितली नाई. अण्णाजी डबा उचलून गेटबाहेर निघून गेले.

आणि मी — आठवडाभर ज्याचं तोंड बंद नव्हतं — गप बसलो.