आत्याच्या कपाळावरची मृत्तिका

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली
शनिवार सकाळ (आत्या स्नानाला गेली आहे, म्हणून अक्षर घाईचे)

तीर्थरूप थोरले काका सेतुमाधवराव यांच्या पायांवर पुतण्या हरिप्रसाद याचे डोके. आम्ही इकडे देवकृपेने बरे आहोत. आत्या ताठ आणि मी जरा वाकून. आपल्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, तरी वाकून काही उचलू नये, आणि पापनाशमच्या बसमध्ये खिडकीशी बसू नये, धूळ जाते. फोन केला नाही याची क्षमा असावी. आपला आवाज ऐकला की आत्या फोन स्पीकरवर टाकते. देवनागरीही मुद्दामच लिहितो आहे, कारण आत्याचे मराठी बोलणे कोपऱ्यापर्यंत ऐकू जात असले तरी वाचायला तिला तमिळच येते. तरी हे पत्र मनातल्या मनात वाचावे.

आत्याची माडीवरची तुळस आपण पाहिली आहे. आतोबा गेल्यापासून ती माझ्यापेक्षा त्या तुळशीशीच जास्त बोलते. रोज पूजा झाली की एक पान तोंडात, मुळाशी बोट घालून चिमूटभर मृत्तिका कपाळाला, आणि कणभर जिभेला. तर त्या तुळशीला मावुपूच्ची लागली. (पांढरी, कापूस पिंजून ठेवल्यासारखी कीड. मराठीत तिला पिठ्या ढेकूण म्हणतात, पण ढेकूण हा शब्द आत्यासमोर काढायची माझी छाती नाही.) पाने वळली, शेंडे काळे पडले, मुंग्या रांगेने वर चढू लागल्या. आत्या म्हणाली, "तुळस वाळते त्या घरात काहीतरी घडतं रे," आणि बघितले माझ्याकडे. तेव्हापासून मी जिना कठडा धरून उतरतो.

विषारी औषध मारावे, तर पान तिच्याच तोंडात जाणार. म्हणून ओरत्तनाडुला रामस्वामींच्या रोपवाटिकेत गेलो. ते म्हणाले, "अरे तंबी, विष कशाला? गांडूळखत मुळाशी घाल, थोडं भिजवून गाळून पाणी पानांवर शिंपड. झाडाच्या अंगात बळ आलं की कीड कंटाळून जाते. मुळंही कुजत नाहीत." पोटात गेले तर, असे मी विचारले. "कुणाच्या, तुझ्या? मरणार नाहीस!" म्हणून ते हसले. मला वाटले, गांडुळे माती उकरून भुसभुशीत करतात, तीच ही माती. (दहावीत जीवशास्त्राच्या पेपरापर्यंत मी पोहोचलोच नाही, गणितालाच ताप आला.) आत्या देवळात गेली असताना मी ते खत कुंडीत मिसळले. हळूहळू कीड ओसरली, नवी पाने आली, मुंग्यांनी मार्ग बदलला. दुसरी पिशवी आणायला गेलो तेव्हा रामस्वामींनी गांडुळांचा वाफा उघडून दाखवला, आणि काका, ती माती नव्हे. गांडुळाच्या तोंडातून आत गेलेली वस्तू दुसऱ्या टोकाने बाहेर येते, ती ती आहे. याहून सोवळ्या शब्दांत मला लिहिता येत नाही.

आणि आत्या ती रोज कपाळाला लावते! "माती कशी लोण्यासारखी झालीय बघ," म्हणते, आणि जिभेला कण आता जरा मोठाच असतो. शेजारच्या कमलाक्षी मामी विचारतात, "काय वेंकूबाई, तुळशीला क्रीम लावता काय?" तर त्यांनाही चिमूट मिळते. गुरुवारी कुंडीतून एक जिवंत गांडूळ वर आले. सगळे संपले, असे मला वाटले. आत्याने हात जोडले, "शेषाचं पिल्लू रे!" म्हणाली, आणि त्याच्यापुढे वाटीभर दूध ठेवले. बिचारे त्यात पडले. मी चमच्याने काढले (चमचा कोणता, हे विचारू नये).

सांगावे तर ती प्रायश्चित्ताचा उपास धरणार, हे नक्की. गेल्या वर्षी नुसत्या विटाळाच्या संशयावरून पाण्यावर राहिली, साखर उतरली, जिन्यात कोसळली. मी हात धरला तेव्हा तो बर्फासारखा होता, आणि तिला माझे नावही आठवेना. मला त्या जिन्याची भीती वाटते, काका. न सांगावे तर रोज सकाळी हे बघायचे. खत बंद करावे तर कीड परत येईल, आणि ती वाळत्या तुळशीकडून माझ्याकडे बघेल. हल्ली मी तिच्या कपाळाकडे बघतच नाही. तर विचारते, "नजर का चुकवतोस? कुठे मुलगी बिलगी बघून ठेवलीस काय?"

आपला भयभीत,
हरिप्रसाद

ता. क. आत्या देवाखालोखाल आपलेच ऐकते. येऊन एवढेच सांगावे, की गायीचे शेण जसे पवित्र, तसेच गांडुळाचेही. शास्त्रात वचन असेल तर आणावे. नसेल तरी यावे.

ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता आत्या येऊन बसली. म्हणते, "दादाला लिहितोस काय? लिही, मृत्तिका संपली असेल तर आणखी पाठवते." मागल्या आठवड्यात आपली नात वाणी येऊन गेली, तिच्याबरोबर आत्याने आपल्याला डबीभर पाठवली, हे मला आत्ता कळले. वाणी फोनवर सांगते म्हणे, आपण ती रोज कपाळाला लावून संध्येला बसता, आणि जिभेलाही. तेव्हा काका, प्रायश्चित्त सांगायचेच झाले, तर दोघांनाही झेपेल असे सांगावे.