बोलता येईल इतकंच चालायचं

प्रिय चिझुरु,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तुला नवल वाटेल. मी बरी आहे. सफरचंदांना फुलोरा आलाय, आणि मी रोज सकाळी फिरायला जाते. हसू नकोस.

गेल्या शरदात आरोग्य केंद्रातल्या तपासणीत माझा रक्तदाब एकशे बहात्तर निघाला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, वर म्हणाले, "आजी, रोज अर्धा तास चाला." मी म्हटलं, "पन्नास वर्षं बागेत राबलेय, आणखी काय चालायचं?" शेजारची तोकुए तिथेच रांगेत होती. ऐंशीची बाई, दुसऱ्या दिवशी सहा वाजता दारात हजर. म्हणाली, "बूट घाल. या वयात मी दुसरी शेजारीण कुठे शोधू?"

मी आपली तरातरा निघाले आणि पुलापाशी धाप लागून खाली बसले. तोकुए म्हणाली, "शर्यत लागलीय का? बोलता येईल इतकंच चालायचं. बोलणं तुटलं की समज, जास्त झालं." मग आम्ही बोलत बोलत नदीच्या बांधावरून चालू लागलो. पण रोज नवं काय बोलणार? सुना झाल्या, कोबीचे भाव झाले, आणि एके दिवशी तोंडून कानेओंचं, तुझ्या भाऊजींचं नाव निघालं.

तू नर्स. दर सुट्टीत येऊन त्यांना सांगायचीस, "भाऊजी, मीठ कमी करा, जरा फिरायला जा." आणि मी मुद्दाम तुझ्यासमोर त्यांना खारवलेल्या भाजीची दुसरी वाटी वाढायचे. "शहरातली अक्कल शहरात ठेव," म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशी तू मला एका शब्दानेही दोष दिला नाहीस. दिला असतास तर भांडता तरी आलं असतं. तू गप्प राहिलीस, तेच मला सोसवेना. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं?" हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तोकुएने माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त चाल थोडी मंद केली.

आता दाब एकशे अडतीसच्या आसपास असतो. गोळी चालूच आहे, मिसोचं खारट सार पातळ झालंय, पण चालण्याचाही त्यात वाटा आहे, असं डॉक्टर म्हणतात.

काल तुझ्या मुलाचा, ताकुयाचा फोन आला. तुला फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला, डावा पाय ओढत चालावं लागतं, हे मला आत्ता कळतंय. तू त्याला गप्प राहायला बजावलं होतंस. त्याला रागावू नकोस. तुझ्या डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलंय, आणि जन्मभर रुग्णांना हाताला धरून चालवणारी तू, शेजारीपाजारी बघतील म्हणून पडदे ओढून घरात बसलीयेस. क्षमा कशी मागावी ते मला कागदावर जमत नाही, दोन पानं फाडून झाली. म्हणून गुरुवारी दुपारच्या गाडीने येतेय. बाग पुतण्याकडे सोपवलीय, महिनाभर राहीन. सकाळी तुझ्या डाव्या बाजूला मी असेन. बघणाऱ्यांना बघू दे, दोन म्हाताऱ्या आहेत. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसून राहीन. मला आता कसली घाई नसते.

तुझीच,
फुमिएताई